वांग्याचं भरीत, एक्केचाळीस मिनिटं

आमच्या हिरडेघाट धरणाच्या नियंत्रण कक्षात टेलिफोन लाइनच्या चाचणीची एक जाडजूड वही आहे. तिच्यात सत्तावीस वर्षांच्या पाककृती आहेत.

म्हणजे पूर्ण कृती नाहीत, फक्त नोंदी. 'कुळथाची पिठी. १४ मिनिटं. टिक ०.' 'फणसाची भाजी, आठळ्या घालून. १८ मिनिटं. टिक १.' खाली दोन नावं, एक धरणावरच्या माणसाचं आणि एक घाटाखाली बावीस किलोमीटरवरच्या तळवटच्या केंद्रातल्या माणसाचं. मी रुजू झाले त्या दिवशी मला ही थट्टा वाटली होती. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली, चाचणी म्हणजे आकडे असंच माझ्या डोक्यात होतं.

पण तिच्यामागे शास्त्र आहे. या लाइनवर आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीचा आकडा दुसऱ्या टोकाला जातो. एकूण तीस जणांची बोलणी एका चौकटीत ओळीनं बसवतात आणि अशा आठ हजार चौकटी दर सेकंदाला रवाना होतात. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं घड्याळ एकाच चालीनं चालायला हवं. त्यांच्यात दहा लाखांत एका भागाचा जरी फरक असला, तरी दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी एक चौकट गळते आणि कानाला बारीकशी 'टिक' ऐकू येते. कुणी 'एक, दोन, तीन' म्हणत राहिलं तर टिक दोन आकड्यांमधल्या फटीत पडते आणि निसटते. सलग दहा मिनिटं न थांबता काय बोलायचं, तर स्वयंपाकाचं. ही पद्धत कुणी पाडली ते वहीत नाही. मात्र ती मोडायला कुणी तयार नाही.

त्या शुक्रवारी, २०३९च्या फेब्रुवारीत, वहीत आठ दिवस एकही पदार्थ नव्हता. लाइन बंद होती. सोमवारी नदीत पाणी सोडायचं होतं आणि पाणी सोडण्याआधी खालच्या नऊ गावांत भोंगा वाजवणारी लाइन हीच. तिची चाचणी झाल्याशिवाय दरवाजे उघडायचे नाहीत असा नियम आहे.

माझी खरी काळजी मात्र वेगळी होती. मला धरणावर कायम नेमणूक देऊ केली होती. तीन वर्षं बदली मागता येणार नव्हती. होकार किंवा नकार संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता. माझा नवरा पराग जळगावला केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातले आठ महिने आम्ही फोनवर एकच प्रश्न इकडून तिकडे ढकलत होतो.

---

आधी लाइनचं सांगते. दोन्ही टोकांना जुनी, दणकट एक्सचेंजं आहेत. सार्वजनिक जाळं कोसळलं तरी भोंगा वाजला पाहिजे, म्हणून ती मुद्दाम ठेवली आहेत. एक्सचेंज आणि डोंगरातून गेलेली फायबर यांच्यामध्ये एक कार्ड असायचं. त्यावर बारीक खटके होते. घड्याळ स्वतःचं की लाइनवरून घेतलेलं, चौकटीत चूक पकडणारे बिट चालू की बंद, तारेचा रोध किती, हे सगळं त्या खटक्यांनी ठरायचं. एका टोकाला जे असेल त्याच्याशी दुसऱ्या टोकाचं जुळलं पाहिजे.

ती कार्डं म्हातारी होऊन गेली. त्यांच्या जागी वरिष्ठांनी 'अनुरूप' पेट्या पाठवल्या. या पेटीला खटके नाहीत. ती आधी ऐकते, समोरचं यंत्र कसं आहे ते ओळखते आणि स्वतःला तसं करून घेते. चार वर्षांत देशभर या पेट्या बसल्या आणि कुठेही तक्रार नाही. आमच्याकडे मात्र त्या दोन्ही टोकांना एकाच दिवशी बसल्या.

आठ दिवस मी माझ्या पेटीच्या दिव्यांकडे बघत होते. हिरवा, पिवळा, हिरवा, तांबडा, परत हिरवा. मिनिटभर लाइन यायची, टिक-टिक करत जायची.

शुक्रवारी सकाळी मी पेटीचा हाताळणीचा पडदा शोधून काढला आणि तळवटला मोबाइल लावला. तिथे यमुनाताई घाग असतात. वय सत्तावन्न, या लाइनवर सत्तावीस वर्षं.

"ताई, माझ्याकडे तपासणीचे बिट बंद दिसतायत. तुमच्याकडे?"

"माझ्याकडे चालू आहेत गो."

"मग मीच चालू करते, तुम्ही तशाच राहा, म्हणजे दोन्हीकडे सारखं होईल आणि मग आपण घड्याळाचं बघू." मी बटण दाबलं. लाइन मेलेली ती मेलेलीच.

"थांब, मी बंद करत्ये," ताईंचा आवाज आला. "केले बघ बंद."

"अहो, मी चालू केले ना!"

"हो का? मग मी परत चालू करत्ये."

तोवर मी बंद केले होते.

असं आम्ही तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी मला हसू आलं, पण फोनमध्ये ताईंचं हसू काही आलं नाही. आला तो एक मऊ 'हं'.

तो 'हं' आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. ती 'समजूत'. चार वर्षांपूर्वी प्रत्येक मोबाइलमध्ये ती चालू होऊन आली. बोलताना माणूस साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उत्तर देतो. त्याहून उशीर झाला की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. दुसऱ्यानं मध्येच तोडलं की राग येतो. समजूत या दोन्ही गोष्टी काढून टाकते. कुणी मध्ये बोललं तर त्याचं बोलणं तुमचं वाक्य संपेपर्यंत धरून ठेवते. कुणी गप्प राहिलं तर त्याच्याच आवाजात एक 'हं' भरते. कायद्यानं तिला शब्दाला हात लावता येत नाही, पण 'हं' हा कायद्याच्या दृष्टीनं शब्द नाही. फोनवरची भांडणं निम्म्यानं कमी झाली असं पाहणीत आलं होतं, आणि मला ते खोटं वाटत नाही. समजूत बंद करता येते. पण मग समोरच्याला तशी सूचना जाते, आणि ती सूचना गेली की आता वाद होणार हे ठरलेलंच. त्यामुळे ती कुणी बंद करत नाही.

---

दुपारी डबा खाताना मी परागला मोबाइल केला.

"आज पाचपर्यंत कळवायचंय. घेऊ का ही जागा?"

"हं. घे ना. तुला आवडतंय ना तिथे?"

"पण तुला काय वाटतं?"

"हं. तुला जमेल तसं."

"नाहीतर मी तिकडे येते. जळगावला काहीतरी मिळेलच."

"हं. तसंही चालेल."

"जेवलास?"

"हो. तू?"

फोन ठेवला तेव्हा मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. आमची सगळी बोलणी अशीच गोड होती. दोन महिन्यांनी दोन दिवस भेटायचो, तेव्हा तेवढ्यात हा विषय कोण काढणार?

मी डबा धुतला आणि जुन्या कार्डाचं कपाट शेवटचं बघून घ्यावं म्हणून उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'घड्याळ - धरण. तळवटनं लाइनवरून घ्यावं. तपासणी बिट - दोन्हीकडे चालू. कुणीही परस्पर बदलू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

मी तिथेच उभी राहून मोठ्यांदा हसले. देशात सगळीकडे 'अनुरूप'च्या समोर जुनं, हट्टी यंत्र होतं. ते हलत नसे, म्हणून पेटीला जुळता येत असे. आमच्याकडे समोरासमोर दोन समजूतदार पेट्या होत्या. माझी पेटी तळवटकडे बघून बिट बंद करायची, त्याच क्षणी तळवटची पेटी माझ्याकडे बघून चालू करायची. घड्याळाचं तर त्याहून वाईट. माझी पेटी तिच्याकडून वेळ घेत होती, ती माझ्याकडून. खरी वेळ कुणाकडेच नव्हती, दोघी मिळून भरकटत होत्या. आणि सकाळी आम्ही दोघी बायकांनी हातानं नेमकं तेच केलं होतं.

मी ताईंना मोबाइलवर एवढंच सांगितलं, "ताई, पेटीची आपोआप जुळणी बंद करा. घड्याळ लाइनवरून घ्या, बिट चालू ठेवा, आणि मग कशालाही हात लावू नका. मी काहीही म्हटलं तरी."

माझ्याकडे मी घड्याळ 'स्वतःचं' केलं. धरणावर चांगलं अणुघड्याळ आहे, पाणी मोजायच्या यंत्रांसाठी आणलेलं. बिट चालू केले. जुळणी बंद केली. पेटीनं विचारलं, 'खात्री आहे? असं करणं सुचवलं जात नाही.' मी 'हो' दाबलं.

दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मी टेबलावरचा जुना काळा रिसीव्हर उचलला.

"ताई, येतंय का ऐकू? मला वाटतं की आता आपण आधी दहा मिनिटं—"

"येतंय येतंय! काय गो, आठ दिवस डोकं खाल्लंस आणि—"

"अहो, माझं वाक्य तरी—"

"तुझं वाक्य संपायची वाट बघत बसले तर माझी एस्टी जाईल."

आठ महिन्यांत या बाईंनी मला कधी तोडलं नव्हतं. आठवड्याच्या चाचणीला त्या पदार्थ सांगायच्या आणि मी फक्त ऐकायची. बाकीचं सगळं बोलणं मोबाइलवर.

"ताई, सकाळी तुम्ही मला थांबवलं होतं का? बटण दाबायच्या आधी?"

"तीनदा थांब म्हटलं. ओरडून म्हटलं."

"मला ते नंतर ऐकू आलं. माझं बोलणं संपल्यावर."

"ती तुमची समजूत बाई," ताई म्हणाल्या आणि सकाळचं हसू आत्ता हसल्या. खरखरीत, खोकल्यात संपणारं हसू. "बरं, चाचणी करू. पण आज माझा घसा बसलाय गो, दहा मिनिटं सलग नाही जमायचं. आणि तुझं त्या नोकरीचं काय झालं? नवऱ्याला विचारलंस?"

"विचारलं. घे म्हणाला."

"कशावर विचारलंस? मोबाइलवर?"

"हो."

"मग नाही विचारलंस."

मी काही बोलले नाही. या लाइनवर त्या जागी फक्त खोल, स्वच्छ शांतता होती.

"त्याच्या लॅबात टेबलावरचा फोन असेल ना?" ताई म्हणाल्या. "नंबर दे. माझ्या एक्सचेंजातून बाहेर तारेची लाइन आहे, तिच्यावरून जोडून देत्ये. आजचा पदार्थ तो सांगेल. मी कान लावून टिक मोजत्ये. नियम आहे, या टोकाला ऐकणारं माणूस पाहिजे."

प्रयोगशाळेच्या थंड खोलीत मोबाइल पोचत नाही, म्हणून भिंतीवर जुना फोन आहे. मी नंबर दिला.

---

"हॅलो?" परागचा आवाज जवळून, थोडा कोरडा आला. "शाल्मली? समजूत बंद केलीस? काय झालं?"

"काही झालं नाही. या लाइनला समजूत नसतेच. ऐक, मला चाचणीसाठी दहा मिनिटं सलग बोलणं हवंय. एक पदार्थ सांग. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. तळवटच्या यमुनाताईही ऐकतायत, टिक मोजायला."

"पदार्थ? आत्ता?"

"भरीत सांग. तुमच्याकडचं."

तो हसला. मग सांगायला लागला. वांगी हिरवी-पांढरी हवीत, बामणोद गावची. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही, गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणणं हा गुन्हा आहे. हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी भांड्यात वांग्याबरोबर ठेचायच्या. कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप तेलात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी. तो रंगात आला होता. मी पडद्यावर गळलेल्या चौकटींचा आकडा बघत होते. शून्य. बारा मिनिटं झाली, शून्य.

"खरं तर ही वांगी तिकडे मिळायची नाहीत," तो म्हणाला आणि थांबला.

चाचणी झाली होती. मी रिसीव्हर ठेवू शकले असते.

"पराग, मी ही जागा घेऊ का?"

काहीच आलं नाही.

पहिल्या सेकंदाला मला वाटलं लाइन गेली. सवयीनं पडद्याकडे बघितलं. दिवा हिरवा, आकडा शून्य. साडेतीन सेकंदांत अठ्ठावीस हजार मोजण्या जळगावहून तळवटला आणि तळवटहून माझ्या कानात आल्या होत्या, आणि त्यातली एकही गळली नव्हती. लाइन ठीक होती. पराग गप्प होता.

"नको घेऊस," तो म्हणाला.

"दुपारी तर तू—"

"दुपारी तू विचारलंस, मी विचार करत होतो, आणि तेवढ्यात तुझा 'हं' आला. नेहमी येतो. मी गप्प बसलो की तू 'हं' करतेस. मला वाटतं तुझं ठरलंय, तू फक्त कळवतेयस. मग मी कशाला मोडता घालू?"

"मी नाही 'हं' केलं. मी कधीच करत नाही. तूच करतोस!"

"मी? मी कधी—"

दोघंही एकदम बोललो, दोघांचंही एकमेकांना ऐकू आलं, आणि दोघंही थांबलो.

"का नको?" मी विचारलं.

"कारण इथे एकट्यानं राहून मला कंटाळा आलाय. तू माझ्यासाठी इकडे आलीस तर तुझं तोंड उतरलेलं बघायला लागेल, ते मला नकोय. म्हणून जे काय म्हणशील त्याला हो."

"मग तुला हवंय काय?"

"तू एकदा तरी 'ये' म्हणायला हवं होतंस."

आता गप्प बसायची पाळी माझी होती. किती वेळ ते मी मोजलं नाही. परागनं मात्र वाट पाहिली. त्याच्या मागे थंड खोलीचा पंखा घरघरत होता, तो मला आठ महिन्यांत पहिल्यांदाच ऐकू आला.

"मला इथेच राहायचंय," मी म्हटलं. "जळगावला यायचं नाही. कधीच यायचं नव्हतं. आणि तू इकडे यावंस असं मला वाटतं. ये."

"मग आठ महिने काय करत होतीस?"

"तुझं काय म्हणणं आहे ते बघत होते."

"आणि मी तुझं! धन्य आहे आपली." तो चिडला होता आणि मला ते ऐकून हायसं वाटत होतं. "तुमच्या घाटाखाली कृषी संशोधन केंद्र आहे. दोनदा जाहिरात आली होती. दोन्ही वेळा वाचली मी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस!"

मग आम्ही भांडलो. नीट, सविस्तर, एकमेकांना तोडत भांडलो. त्याच्या केळीचा प्रयोग पुढच्या एप्रिलपर्यंत चालणार, म्हणजे चौदा महिने. तो त्याला सोडता येणार नव्हता आणि हे मान्य करायला मी वेळ घेतला. दोन महिन्यांनी भेटणं त्याला मान्य नव्हतं, पंधरवड्यानं तो येणार होता. इथे वांगी लावून बघणार होता, आणि कोकणातल्या पावसात ती टिकणार नाहीत असं मी म्हटल्यावर पुन्हा पाच मिनिटं वाद झाला.

"आणि फोन?" मी शेवटी विचारलं. "मोबाइलवर परत तेच होईल."

"याच लाइनवर करत जाऊ."

"ही भोंग्याची लाइन आहे, पराग."

"चाचणी दर आठवड्याला असते ना? मला अजून शेवभाजी येते. डाळगंडोरी येते. वर्षभर पुरेल."

त्यानं फोन ठेवल्यावर लाइनवर तळवटच्या खोलीतला आवाज तेवढा उरला. खुर्ची करकरली.

"ताई?"

"मी काही ऐकलं नाही गो. मी फक्त टिक ऐकत होते." त्या थोडं थांबल्या. ते थांबणंही मला पूर्ण ऐकू आलं. "शेंगदाणे अख्खे घालतो की कूट करून?"

"अख्खे."

"बरं. टिक एकही नाही. लिही."

पाचला वीस मिनिटं होती. मी आधी नेमणुकीच्या पत्राला उत्तर पाठवलं: 'स्वीकारते.' मग निळ्या शाईचं पेन घेऊन कपाटाच्या दारावरच्या कागदाशेजारी नव्या पेटीची आपोआप जुळणी कशी बंद करायची ते लिहिलं, आणि शेवटच्या वाक्याखाली मीही दोन रेघा मारल्या.

मग वही उघडली.

'वांग्याचं भरीत (खानदेशी). ४१ मिनिटं. टिक ०. शेरा: दोनदा शांतता. लाइनची नव्हे.'